अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा हॉर्न दर वेळी त्याच जागी का तडकतो?

कातळसडा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मिरजोळे औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे युनिट आहे. पाणी गाळण्याच्या यंत्रांचे एबीएस प्लास्टिकचे डबे आणि त्यांची झाकणे आम्ही २० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक मशीनवर जोडतो. मशीन चांगले आहे, जनरेटरची (मशीनला २० किलोहर्ट्झची वीज पुरवणाऱ्या भागाची) तक्रार नाही; तक्रार आहे ती हॉर्नची, म्हणजे कंपने प्लास्टिकपर्यंत पोहोचवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची. आमचा हॉर्न ७०७५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, रुंद, आयताकृती असून त्यात दोन उभ्या खाचा आहेत. तो जेव्हा जेव्हा तडकला, तेव्हा तडा एका खाचेच्या वरच्या टोकापासूनच निघालेला दिसला. तडकण्याआधी मशीन मधूनच ओव्हरलोड दाखवून थांबते, कानाला बोचणारी शिट्टी येऊ लागते आणि मग एखाद्या दिवशी हॉर्न हातात घेऊन उजेडाकडे धरला की केसासारखी रेघ दिसते.

पुरवठादाराचे म्हणणे असे की आम्ही हवेचा दाब जास्त ठेवतो, त्यामुळे हॉर्नवर जोर येतो. दाब कमी करूनही फरक पडला नाही. दुसरी विचित्र बाब म्हणजे हे प्रकरण बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस, गणपतीच्या सुट्टीनंतर उद्भवते. धातू निकृष्ट आहे, खाऱ्या हवेचा परिणाम आहे की आमच्या वापरातच काही चुकते आहे, याचा उलगडा होत नाही. टायटॅनियमचा हॉर्न घ्यावा असे काहीजण सुचवतात, पण किंमत पाहता आधी कारण समजून घ्यावे असे वाटते.

लेथवाला (वसई)

मी हॉर्न बनवण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे आधी दाबाचा मुद्दा निकाली काढतो. समजा सिलिंडर हॉर्नवर १०० किलोचा भार देतो आणि हॉर्नचे तोंड २० चौरस सेंटिमीटरचे आहे, तर त्या भाराने धातूत येणारा ताण साधारण अर्धा मेगापास्कल होतो. एवढ्याने ॲल्युमिनियमचा हॉर्न तडकणे शक्य नाही. हॉर्नमधला खरा ताण त्याच्या स्वतःच्या कंपनातून येतो, आणि तो हॉर्न मोकळ्या हवेत चालवला तरी तेवढाच असतो. दाब फार वाढवला तर जनरेटरवर भार येतो, तोंड झिजते, आणि हॉर्न खालच्या लोखंडी फिक्श्चरवर आदळला तर तोंडाला खड्डे पडतात. पण त्यातले काहीही खाचेच्या वरच्या टोकाला चीर पाडत नाही.

तेव्हा कृपया एवढे कळवा. खाचा मिलिंगने काढल्या आहेत की वायरकटने (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापून)? खाचेचे टोक गोल आहे की चौकोनी? बूस्टर, म्हणजे हॉर्नच्या आधी कंपनाची हालचाल वाढवणारा भाग, कोणत्या गुणकाचा आहे? आणि हॉर्नवर नंबर ठोकलेला आहे का, असल्यास कोठे?

रेवदंडा

मी धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे. वरच्या प्रतिसादातील प्रश्न योग्यच आहेत. त्यांची उत्तरे येईपर्यंत मूळ यंत्रणा मांडून ठेवतो, कारण ती नीट समजली तर पुढची चर्चा अंदाजावर चालणार नाही.

कन्व्हर्टर (विजेचे कंपनात रूपांतर करणारा भाग), बूस्टर आणि हॉर्न हे तिन्ही भाग प्रत्येकी अर्ध्या तरंगलांबीचे असतात. ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि पोलाद या तिन्ही धातूंच्या दांड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ५,००० मीटरच्या आसपास असल्याने २० किलोहर्ट्झला ही अर्धी तरंगलांबी साधारण १२५ मिलिमीटर येते, आणि म्हणूनच सगळे हॉर्न जवळपास पाच इंच उंचीचे दिसतात. हॉर्नची दोन्ही तोंडे सर्वांत जास्त हलतात, पण तेथे ताण जवळजवळ शून्य असतो. उलट मधला भाग, म्हणजे नोड, अजिबात हलत नाही आणि सर्वांत जास्त ताण तोच सोसतो. पाहणाऱ्याला जो भाग स्वस्थ दिसतो, तोच सेकंदाला २०,००० वेळा ताणला आणि दाबला जात असतो.

आता आकडे. कन्व्हर्टर २० मायक्रॉन देतो, बूस्टर दुप्पट करतो आणि हॉर्नचा स्वतःचा गुणक दीड आहे असे धरू. तोंडाशी एकूण हालचाल ६० मायक्रॉन झाली, म्हणजे मध्यापासून एका बाजूला ३०. या हालचालीत तोंडाचा सर्वोच्च वेग सेकंदाला पावणेचार मीटरच असतो, पण त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४८ हजार पट होते. त्या वेगाला धातूतील ध्वनिवेगाने भागून त्या धातूच्या स्थितिस्थापकता गुणांकाने गुणले की नोडवरचा ताण मिळतो: ॲल्युमिनियममध्ये सुमारे ५३ मेगापास्कल, टायटॅनियममध्ये ८५ आणि पोलादात १५०. हे आकडे खाचा, पायऱ्या, भोके असे काहीही नसलेल्या सरळ दांड्याचे आहेत.

७०७५ ॲल्युमिनियमची थकवा (पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने चीर जाणे) सोसण्याची क्षमता हस्तपुस्तिकांत ५० कोटी आवर्तनांना सुमारे १५९ मेगापास्कल दिलेली असते. त्यावरून ५३ म्हणजे भरपूर शिल्लक असे वाटेल. परंतु तो आकडा गुळगुळीत घासलेल्या नमुन्याचा आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेतला आहे. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. टोक गोल असेल तर दुपटीच्या आसपास, टोकदार असेल तर तिप्पट किंवा त्याहूनही अधिक. शिवाय रुंद हॉर्नमध्ये खाचेच्या वरचा धातूचा पूल ताणाबरोबर किंचित वाकतही असतो. ५३ ची तिप्पट करून पाहा, म्हणजे शिल्लक किती उरते ते कळेल.

आवर्तनांचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. एका जोडणीला ०.६ सेकंद धरले तर १२,००० आवर्तने झाली. मिनिटाला दहा नग आणि आठ तासांची पाळी धरली तर एका पाळीत पावणेसहा कोटी. रेल्वेचा आस जेवढी आवर्तने अनेक वर्षांत पाहतो, तेवढी हा हॉर्न पंधरवड्यात पाहतो.

देवगडी

चर्चा फार उद्बोधक आहे. मी या क्षेत्रातला नाही. आमचा आंब्याच्या पॅकिंगचा व्यवसाय आहे आणि पाउच बंद करायला अशीच एक लहान मशीन आहे, म्हणून वाचतो आहे. एक भाबडा प्रश्न. आवर्तने कोटींच्या हिशोबात मोजायची असतील, तर एखादा हॉर्न पहिल्या महिन्यात टिकला म्हणजे तो कायमचा टिकला असे म्हणता येते का? लोखंडाला अशी एक मर्यादा असते, तिच्याखालच्या ताणाला ते कधीच थकत नाही, असे शाळेत शिकल्याचे आठवते.

आणि आमच्याकडे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरी भुकटी जमते. हॉर्नला हार्ड ॲनोडायझिंग (ऑक्साइडचा कडक थर) करून घेतले तर हा उपद्रव टळेल ना?

रेवदंडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर चाचण्या केल्या, त्यातून ही मर्यादेची कल्पना रुजली, आणि एक कोटी आवर्तनांपर्यंतच्या चाचण्यांत पोलाद तसे वागतेही. ॲल्युमिनियमला मात्र अशी स्पष्ट मर्यादा मुळातच नाही. आवर्तने वाढत जातात तसा त्याला सोसवणारा ताण हळूहळू उतरतच जातो. पुढे अब्जांच्या घरातल्या चाचण्या होऊ लागल्यावर पोलादाबद्दलही शंका आली, आणि क्लॉद बातियास या फ्रेंच संशोधकांनी १९९९ मध्ये धातूंना अमर्याद आयुष्य नसते असे स्पष्टच मांडले. अशा दीर्घ चाचण्यांत कित्येक पोलादांमध्ये चीर पृष्ठभागावर न उगवता आतल्या एखाद्या सूक्ष्म अशुद्ध कणापाशी उगवते.

यात मौजेची गोष्ट अशी की या चाचण्या ज्या यंत्रावर होतात, ते यंत्र म्हणजे कन्व्हर्टर, बूस्टर, हॉर्न आणि त्याला जोडलेला नमुना. वॉरन मेसन यांनी १९५० मध्ये २० किलोहर्ट्झवर हा प्रकार सुरू केला. साध्या यंत्रावर शंभर कोटी आवर्तनांना काही महिने लागतात, तेथे या यंत्रावर चौदा तास पुरतात. म्हणजे आमचे मित्र मिरजोळ्याला डबे जोडत असताना त्यांच्या हॉर्नची थकव्याची चाचणीही विनामूल्य चालू असते. महिनाभर टिकला एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

ॲनोडायझिंगबद्दल मात्र सावध राहावे. हार्ड ॲनोडायझिंगचा थर कडक असतो, झीज थांबवतो, प्लास्टिकवर काळे डाग पडू देत नाही, हे सगळे खरे. पण तो ठिसूळ असतो, आणि ठिसूळ थरातली बारीक भेग खालच्या धातूत उतरायला वेळ लागत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियमची थकवा सोसण्याची ताकद त्या थराने घटते. तोंडाला थर असावा, पण नोडच्या पट्ट्यात आणि खाचांच्या टोकांशी तो नसलेलाच बरा, असे माझे मत आहे.

लेथवाला (वसई)

सहमत, आणि धंद्यातली अडचणही सांगतो. ॲनोडायझिंगवाले हॉर्न पूर्ण बुडवतात. नोडचा भाग झाकून द्या म्हटले की जास्त पैसे मागतात आणि तरीही झाकत नाहीत. थर फक्त तोंडालाच हवा, हे ऑर्डरमध्ये लेखी द्यावे लागते.

कातळसडा (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. विचारलेली माहिती गोळा केली. खाचा वायरकटने काढलेल्या आहेत. टोक अर्धगोल आहे, पण आत बोट फिरवले तर खरखरीत लागते. बूस्टर १:२ चा आहे. हॉर्नवर नंबर ठोकलेला आहे, तोही दर्शनी बाजूला मध्यावर, पण तडा तेथून निघालेला नाही.

अगदी अलीकडे तडकलेला हॉर्न मी चिरेच्या रेषेत मुद्दाम पूर्ण तोडून घेतला आणि भिंगाखाली पाहिला. तुटलेल्या पृष्ठभागाचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात. खाचेकडचा भाग गुळगुळीत, काळसर करडा असून त्यात एकाआत एक अर्धवर्तुळाकार रेघा आहेत, पुळणीवर ओहोटीने सोडाव्यात तशा. आणि त्या सगळ्या रेघा खाचेच्या कडेवरच्या एका बिंदूभोवती गोळा होतात. उरलेला भाग चमकदार, दाणेदार आहे. तो मी तोडताना तुटलेला. रेघा जेथे गोळा होतात, तेथे पांढुरकी भुकटी भरलेला एक बारीक खड्डा आहे. सुई लावली तर टोक अडकते. त्याच कडेवर आणखी तसेच काही खड्डे आहेत, पण त्यांच्यातून चिरा निघालेल्या नाहीत.

रेवदंडा

हे निरीक्षण उत्तम आहे. निम्मे निदान यातच झाले. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू सरकलेली चीर, आणि रेघा म्हणजे ती थांबत-पुढे जात वाढल्याच्या खुणा: पाळी संपली, मशीन थांबले, सेटिंग बदलले, की एक रेघ. एकदम जास्त जोर येऊन हॉर्न तुटला असता, तर असा गुळगुळीत पट्टा न दिसता सगळाच पृष्ठभाग दाणेदार दिसला असता. म्हणजे हा थकवाच (फटीग) आहे, आणि उगम पृष्ठभागावर आहे, आत नाही.

आता तो खड्डा. वायरकटमध्ये ठिणगीने वितळलेल्या धातूतला काही भाग तेथेच पुन्हा गोठतो. हा थर काही मायक्रॉन ते वीस-तीस मायक्रॉन जाडीचा असतो, त्यात ताण अडकलेला असतो, आणि कित्येकदा सूक्ष्म भेगा जन्मतःच असतात. एबीएसच्या झाकणावर त्याचा काही परिणाम नाही, पण हॉर्नच्या खाचेत तो घासून काढला नाही तर चिरेला तयार घर मिळते. त्यात आपल्याकडची खारी हवा. ॲल्युमिनियमवर क्लोराइडमुळे सरसकट गंज न चढता ठिकठिकाणी टोकदार खड्डे पडतात. ७०७५ मध्ये तांबे आणि जस्त असल्याने ते अधिकच पडतात.

गणपतीच्या सुट्टीचा आपला उल्लेख मला फार बोलका वाटला. मशीन चालू असताना हॉर्न थोडा गरम असतो, कोरडा असतो, आणि सेकंदाला २०,००० आवर्तनांच्या वेगात गंजाला प्रत्येक आवर्तनामागे वेळही मिळत नाही. खड्डे पडतात ते मशीन बंद असताना, जेव्हा मिठाचा पातळ लेप दमट हवेत ओला होतो आणि तसाच दिवसचे दिवस राहतो. भाद्रपदात युनिट बंद, शटर खाली, आत दमटपणा. सुट्टीनंतर मशीन सुरू झाले की पडलेल्या खड्ड्यातून चीर निघते आणि काही पाळ्यांत दिसण्याइतकी होते. त्याखेरीज निव्वळ पाण्याची वाफही ॲल्युमिनियममधल्या चिरेचा वेग वाढवते, कारण चिरेच्या टोकाशी उघड्या पडलेल्या ताज्या धातूशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन आत शिरतो. त्यामुळे मीठ पुसले तरी पावसाळ्याचा काही परिणाम उरतोच.

लेथवाला (वसई)

खाऱ्या हवेला सगळा दोष देऊ नये, एवढेच म्हणेन. समुद्रापासून दूर, घाटावरच्या कारखान्यांतूनही माझ्याकडे खाचेपाशी तडकलेले हॉर्न येतात, फक्त ते जरा उशिरा येतात. खरखरीत खाच आणि १:२ चा बूस्टर ही जोडी कोठेही हॉर्न खाणारच. खारी हवा ते काम लवकर उरकते. मध्यावर ठोकलेला नंबर हीदेखील तीच जात आहे. नंबर हॉर्नच्या वरच्या तोंडाजवळ, तोही लेझरने किंवा हलक्या हाताने कोरून घालावा. पंचाचा ठसा नोडवर म्हणजे आपणच चिरेसाठी आखून दिलेली जागा. यंदा खाच आधी तडकली म्हणून नंबराला संधी मिळाली नाही.

रेवदंडा

मान्य. मी खड्ड्याला ठिणगी म्हणेन आणि खाचेला सरपण. दोन्हींपैकी एक काढले तरी आयुष्य वाढेल, परंतु सरपण काढणे आपल्या हातात अधिक आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

खेर्डीतल्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. हॉर्नइतकाच त्रास आम्हाला स्टडचा झाला, म्हणून लिहितो. बूस्टर आणि हॉर्न यांना जोडणारा स्टड खरे तर अँटिनोडवर, म्हणजे सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी असतो, तेथे ताण कमी. मग तो तुटावा का? आमच्या पाहण्यात त्याची तीन कारणे आली. हॉर्न तोंड झिजल्यावर घासून छोटा केला की त्याची फ्रिक्वेन्सी वर जाते, मग बूस्टरशी जुळत नाही, अँटिनोड सांध्यावरून सरकतो आणि स्टड भलत्याच ताणात सापडतो. दुसरे, टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळणे. कमी आवळला तर दोन तोंडे एकमेकांवर घासतात आणि सांधा उघडला की त्यातून काळपट भुकटी निघते. जास्त आवळला तर स्टडच्या मुळाच्या आट्यालाच चीर जाते. तिसरे कारण म्हणजे गंजलेला स्टड पुन्हा वापरणे. २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर परिसरात वाचवलेल्या यंत्रांचे स्टड वरून साफ करून तसेच बसवले गेले, आणि आट्यांच्या तळाशी राहिलेल्या गंजाच्या खड्ड्यांनी पुढे आपले काम केले. स्टड ही स्वस्त वस्तू आहे. सांधा उघडला की बदलावा.

सर्वांत चीड येते ती पाइप पान्याची. हॉर्न सोडवण्यासाठी त्याला भोके दिलेली असतात, त्यात बसणारा पाना मशीनबरोबर येतो, तो पहिल्या आठवड्यात हरवतो, आणि मग पाइप पान्याचे दात हॉर्नच्या अंगावर उमटतात. त्या दातांचे व्रण बहुधा नोडच्या पट्ट्यातच पडतात.

देवगडी

माझ्या मशीनच्या हॉर्नवर असे व्रण आहेत. आज प्रथमच त्यांच्याकडे त्या नजरेने पाहिले. ते घासून काढता येतील का? आणि तडकलेला हॉर्न टिग वेल्डिंगने भरून घेतला तर चालतो का? गावातला फॅब्रिकेटर ॲल्युमिनियमचे काम चांगले करतो.

लेथवाला (वसई)

व्रण उथळ असतील तर घासता येतात. आधी बारीक कानशीने खड्ड्याचा तळ निघेपर्यंत धातू हलकेच सपाट उतरवून घ्यावा, नंतर क्रमाक्रमाने बारीक पॉलिश पेपर चालवावा, आणि शेवटचे सर्व हात हॉर्नच्या उंचीच्या दिशेने, म्हणजे वरून खाली मारावेत. ताण त्या दिशेने असतो, म्हणून त्या दिशेचे ओरखडे निरुपद्रवी असतात. आडवे ओरखडे राहिले तर घासून उपयोग नाही. बफ मारून नुसती चमक आणली तर खड्डा झाकला जातो, निघत नाही.

टिगचे मात्र नाव काढू नये. ७०७५ वितळवून जोडताना थंड होता होताच तडकते, म्हणून ते टिगने जोडण्याजोगे मानलेच जात नाही. वरून जोडल्यासारखे दिसले तरी उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडलेला असतो आणि आतून भोके राहतात. असा हॉर्न लावला तर फ्रिक्वेन्सी जुळत नाही, आणि जनरेटर ती शोधता शोधता स्वतःच जळू शकतो. हॉर्नच्या किमतीपुढे जनरेटरची किंमत किती ते आपण जाणताच.

आता मूळ धागाकर्त्यांसाठी. टायटॅनियम ग्रेड ५ चा हॉर्न घेतला तर त्याच हालचालीला ताण ८५ येतो, पण सोसण्याची ताकद ॲल्युमिनियमच्या तिपटीच्या घरात असते, आणि क्लोराइडची त्याला तमा नसते. त्यामुळे रत्नागिरीत टायटॅनियम परवडतेच, असे मी म्हणेन. मात्र टायटॅनियमच्या खाचाही वायरकटनेच काढून तशाच ठेवल्या तर पैसे पाण्यात जातील. ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खाचांची टोके पूर्ण गोल आणि आतून पॉलिश केलेली असावीत, वायरकटचा थर पूर्ण काढलेला असावा, आणि नोडच्या पट्ट्यात कोणताही ठसा नसावा. पॉलिश झाल्यावर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून मिळाले तर उत्तमच, कारण त्याने पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो आणि चीर उघडायला अवघड जाते.

बूस्टरबद्दलही विचार करावा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा नायलॉनला हालचाल जास्त लागते, तेथे बूस्टर उतरवता येत नाही. पण आपले डबे एबीएसचे आहेत आणि एबीएस कमी हालचालीत जुळते. १:२ ऐवजी १:१.५ लावून वेळ थोडा वाढवून पाहा. ताण तीनचतुर्थांश होईल, पण आयुष्य त्याच प्रमाणात न वाढता कित्येक पटींनी वाढेल, कारण ताण आणि आवर्तने यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो.

कातळसडा (रत्नागिरी)

१:१.५ चा बूस्टर वसाहतीतल्याच एका परिचितांकडून मागून आणला. दाब तोच ठेवून वेल्डची वेळ ०.६ वरून ०.८ सेकंदांपर्यंत नेल्यावर झाकणे पूर्वीसारखीच बसू लागली आणि पाण्याच्या दाबाच्या चाचणीत गळती नाही. वेळ वाढल्याने आवर्तने एकतृतीयांशाने वाढली, हा तोटा दिसतो आहे. तरीही सौदा फायद्याचा आहे असे वरच्या विवेचनावरून समजतो. टायटॅनियमच्या हॉर्नची ऑर्डर तीनही अटी लिहून दिली आहे. पुरवठादाराने खाचा पॉलिश करण्याचे वेगळे पैसे लावले, ते मान्य केले.

एक शंका उरली आहे. नवा हॉर्न येईपर्यंत जुन्या नमुन्याचाच एक ॲल्युमिनियमचा हॉर्न चालवावा लागेल. तडा दिसण्याइतका होण्याआधी कळण्याचा काही उपाय आहे का?

रेवदंडा

वेळ वाढली तरी सौदा फायद्याचाच. आवर्तने एकतृतीयांशाने वाढण्याची किंमत क्षुल्लक आहे. ताण चतुर्थांशाने उतरण्याचा लाभ तिच्यापेक्षा फार मोठा.

चीर ओळखण्यासाठी जनरेटरच्या पडद्यावरील दोन आकडे पुरतात: रिकाम्या हवेत चालवतानाची फ्रिक्वेन्सी आणि त्या वेळी लागणारे वॅट. चीर वाढली की हॉर्न त्या जागी लवचिक होतो आणि फ्रिक्वेन्सी उतरते. चिरेच्या दोन बाजू एकमेकींवर घासून उष्णता निर्माण करतात, म्हणून वॅट चढतात. मात्र हॉर्न तापला तरीही फ्रिक्वेन्सी उतरते, त्यामुळे दुपारच्या आकड्याची तुलना सकाळच्या आकड्याशी करू नये. रोज पहिला नग लावण्यापूर्वी, मशीन थंड असताना, एक-दोन सेकंद हवेत चालवून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. दिवसागणिक एकाच दिशेने उतरणारी फ्रिक्वेन्सी आणि चढणारे वॅट एकत्र दिसले, तर शिट्टीची वाट न पाहता हॉर्न उतरवावा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

उतरवल्यावर डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत रंग शिरवून ती दाखवणारी चाचणी) करून घ्या. लाल डाय, पुसणे, पांढरा डेव्हलपर. किट बाजारात मिळते आणि ते वापरायला फारसे शिकावे लागत नाही. फक्त खाचेच्या आत डाय पुसताना घाई होते आणि कोपऱ्यात राहिलेला रंग चिरेसारखा दिसतो. कापड पट्टीसारखे ओढून खाच आरपार पुसा. डेव्हलपर लावल्यावर रेघ लगेच न उमटता काही मिनिटांनी उमटते, तोवर थांबा.

कातळसडा (रत्नागिरी)

वही आजपासून सुरू केली. फ्रिक्वेन्सी आणि वॅटबरोबर खोलीचे तापमानही लिहितो आहे. सुट्टीत मशीन बंद ठेवताना हॉर्न उतरवून, ओल्या कापडाने मीठ पुसून, पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवायचा असे ठरवले आहे. बूस्टरसाठीही हेच करावे का? तोही ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याच्यावर यापुढे टायटॅनियमचा हॉर्न बसणार आहे.

लेथवाला (वसई)

अवश्य करावे, बूस्टरला तर अधिकच. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम एकत्र आले आणि मध्ये खारे पाणी शिरले, की गंजतो तो ॲल्युमिनियमचाच भाग. सांध्याची दोन्ही तोंडे सपाट आणि कोरडी असावीत, २० किलोहर्ट्झला मध्ये प्लास्टिकची पातळ चकती घालावी, स्टड नवा घ्यावा, आणि मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळावे. तोंडावर करडे डाग दिसले तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, बूस्टर उभा धरून आठच्या आकड्यात हलकेच फिरवावा. हाताने एका बाजूला जोर आला तर तोंड तिरके होते, म्हणून दर काही फेऱ्यांनी बूस्टर स्वतःभोवती थोडा वळवून घ्यावा.